हर्षाली मेसची जाहिरात

बयनाबाईंनी आपल्या खानावळीत तव्यावरची भाकरी उलटली आणि मोबाईल उघडला, तर समोर भरल्या ताटाचा फोटो. वर लिहिलेलं, ‘उटनूर बसस्टँडजवळ आहात? हर्षाली मेस तुमच्या अगदी समोर!’

बाईंनी दचकून खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे हर्षालीनं नुकतीच उघडलेली मेस खरंच अगदी समोर होती.

“अर्पिता, इले कसं समजलं मी इथं हाओ म्हनून?”

“जागा पाहून जाहिरात देता येते, आई,” मुलगी म्हणाली. “या भागात जो असंल, त्याच्या फोनवर दिसते.”

“म्हंजे माह्या गिऱ्हाइकायले? माह्याच ताटावर बसून?”

तेव्हापासून बाईंची नजर वाढण्यात कमी आणि जेवणाऱ्यांच्या डाव्या हातात जास्त राहू लागली. आयटीडीएच्या आदिवासी विकास कार्यालयातले कारकून मारोतराव फोन पाहून गालात हसले.

“काऊन हसले?”

“नातवाचा व्हिडिओ हाय, बाई.”

“दाखवा.”

खरंच नातू होता, पण अंगठा फारच चपळाईनं फिरला असं बाईंना वाटलं. दुसऱ्यानं अर्धी भाकरी टाकली, तो फितूर. तिसऱ्यानं वरणाचं कौतुक केलं, तो तर पक्काच. जाहिरात अजून चालू आहे का, हे बाई सारख्या उघडून बघत आणि ताटातलं वांगं मोठं करून न्याहाळत. जाहिरात चालूच असायची.

शेवटी दाराशी टोपलं आलं. “जेवन होईस्तोर फोन यात.”

गिऱ्हाईक रोडावत गेलं. एका दुपारी तर कुणीच फिरकलं नाही. भाकऱ्यांची चळत निवू लागली, तसा बाईंनी पदर खोचला आणि तरातरा रस्ता ओलांडला.

हर्षालीकडे त्यांचीच सगळी माणसं बसली होती. मारोतरावांना ठसका लागला.

“जाहिरात पाहून आले ना?”

“कोनती जाहिरात?” मारोतराव गांगरले. “इथं फोन पाहू देतात, म्हनून आलो.”

बाईंनी एकेकाला विचारलं. जाहिरात कुणीच पाहिली नव्हती.

मागून अर्पिता धापा टाकत आली. “आई, तू दिवसभर थेच उघडून पाहून राह्यली. फोनले वाटलं, तुलेच जेवाले जायचं हाय. म्हनून तुलेच दाखवते!”

तेवढ्यात हर्षाली हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे चमकले.

“मावशी, तुमी जाहिरात पाहून आल्या? कवाची देऊन राह्यली मी. ते पाहून आजवर कोनीच आलं नाई. तुमीच पयल्या! बसा, बसा.”

बाई भांडायला आल्या होत्या, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. समोर वाफाळतं ताट आलं. त्यांनी वांगं फोडून आत पाहिलं, हुंगलं, एक घास जिभेवर घोळवला. सगळी मेस जेवायची थांबली.

“मीठ कमी हाय,” बयनाबाई म्हणाल्या, आणि आणखी एक भाकरी मागितली.