शेवटच्या गाण्यातलं बारीक काम

संयोगिताच्या बँडचा पहिला अल्बम निघाला, तेव्हा कारेलीबागेतल्या शेजाऱ्यांना वाटलं, दत्ताजीरावांच्या घरात लोखंडी कपाट कोसळलं. दत्ताजीरावांनी त्यांना सुनावलं, नातीचं वाजवणं आहे, सवय करून घ्या. दुसरा अल्बम तयार झाला, तेव्हा रविवारी दुपारी आपणही समोर बसून ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं. (तेवढं ठरवलं नसतं, तर पुढचं काही झालं नसतं.)

पंखा बंद, खिडक्या बंद. पहिलं गाणं ओळखीचं होतं: पत्र्यावर गिटार आपटावी तसं. दुसऱ्यात तो पत्रा लांब गेला. तिसऱ्यात नुसती घरघर उरली.

"आमचा साउंड बदललाय, आबा," ड्रम वाजवणारा उत्कर्ष म्हणाला. "आता शेवटचं ऐका."

शेवटचं सुरू झालं. उत्कर्षची मान डोलू लागली. संयोगितानं डोळे मिटले. दत्ताजीरावांच्या पत्नी कुसुमावतीबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचेही हात थांबले. दत्ताजीरावांना मात्र काहीच ऐकू येईना.

त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. मग घरात त्यांना कुणी काही विचारेना. मुलींची लग्नं त्यांच्यासमोर बसून, त्यांना न विचारता ठरली. दत्ताजीरावांनी कानांवर सगळा जोर लावला. काही नाही. मग उत्कर्षकडे बघून तेही मान डोलवू लागले.

"कसं वाटलं, आबा?" संयोगितानं विचारलं.

"सगळ्यात चांगलं हेच. बारीक काम आहे."

दोघांचे चेहरे उजळले. म्हणजे त्यात खरंच काम होतं. आणि ते फक्त दत्ताजीरावांनाच ऐकू आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी निजामपुऱ्यातल्या कानाच्या गुजराती डॉक्टरांकडे गुपचूप जायला रिक्षा बोलावली. चेहरा बघून बायको आणि नात दोघीही आत चढून बसल्या.

डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. "दादा, कान तो एकदम सरस छे," ते म्हणाले, आणि तसं कागदावर लिहूनही दिलं.

"मग कालचं गाणं?" दत्ताजीरावांनी दरडावून विचारलं. "मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही."

"त्यात काही नाहीच, आबा," संयोगिता म्हणाली. "चार मिनिटं नुसती शांतता आहे. तुम्हीच तर म्हणालात, बारीक काम आहे."

दत्ताजीरावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कुसुमावतीबाईंनी टेबलावरचा कागद उचलला, नीट वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"म्हणजे अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं मी स्वयंपाकघरातून हाका मारते, त्या सगळ्या तुम्हाला ऐकू येत होत्या."

दत्ताजीराव डॉक्टरांकडे वळले आणि पडलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, डावा कान पुन्हा एकदा तपासता येईल का.