निरीक्षकाचा बिल्ला

जे काम कोणाच्याही देखरेखीशिवाय सुरळीत चालतं, त्याची तातडीने पाहणी होणं समाजहिताचं असतं. पाहणी न केल्यास ते तसंच चालत राहतं, आणि मग आमच्यासारख्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी जावं कुठे?

असं एक काम लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सापडलं. फुलचंदशेठच्या डाळमिलमध्ये तूरडाळीच्या पिशव्या भरणाऱ्या बायांचा सुपरवायझर दिवाळीला सासुरवाडीला गेला तो परतलाच नाही. नवा नेमायचं शेठ विसरले आणि बाया पिशव्या भरत राहिल्या. काट्यावर कोण, शिवायला कोण, हे त्या आपापसात ठरवत. रुपालीबाई दुपारी लेकीला, खुशीला, शाळेतून आणायला जायच्या. तेवढा वेळ तानाबाई त्यांच्या काट्यावर बसायच्या. सुपरवायझरच्या काळात हे कोणी स्वप्नातही मागितलं नसतं. शास्त्रात याला 'स्वयंव्यवस्थापित कार्यगटातील नेतृत्व' म्हणतात. तानाबाई त्याला "जमते आपलं" म्हणत.

अभ्यासाला शेठनी आनंदाने परवानगी दिली. "तुमी शिकले-सवरलेले. पाहून सांगा, या बायायच्यावर कोणी लागते का नाही. लागत असन तं माहा साळा बादल घरीच बसून राह्यला." हे त्यांनी बायांच्या देखतच सांगितलं, त्यामुळे गटाचा विश्वास संपादन करण्याचा टप्पा आपोआप पार पडला.

अभ्यास गुणात्मक होता, म्हणजे त्यात आकडे नव्हते. (आकडे चुकतात, गुणांना ती भीती नसते.) नियोजन समितीत अर्पिता मॅडम, कपिल सर आणि मी. विषयाला शोभेल अशी ही समितीही बिनअध्यक्षाची असावी, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. तो ठराव मांडायला अध्यक्ष लागला. तो मी झालो, आणि पुढे उतरायचं राहून गेलं.

नियमावली आम्ही बारकाईने केली. पाहणाऱ्याने अदृश्य असावं. शर्ट भिंतीच्या रंगाचा असावा. डाळीच्या धुळीने शिंक आल्यास बाहेर जाऊन शिंकावं. चहा आल्यास घ्यावा, कारण नकार हाही हस्तक्षेपच होय. सर्वात जास्त बैठका बिल्ल्यावर काय छापायचं यात गेल्या. अर्पिता मॅडमनी 'पाहुणा' सुचवलं. पण पाहुण्याला संदर्भग्रंथांचा आधार मिळेना. शेवटी कपिल सरांनी 'निरीक्षक' छापून आणलं. शब्दकोशाप्रमाणे ते अगदी अचूक होतं.

पूर्वचाचणीला मी भिंतीच्या रंगाचा शर्ट घालून, गळ्यात बिल्ला अडकवून कोपऱ्यात उभा राहिलो. बायांनी बिल्ला वाचला. आपल्या जिल्ह्यात पोलीस निरीक्षक येतात, पुरवठा निरीक्षक येतात, वजनमापांचे येतात. (नुसतं पाहायला आलेला निरीक्षक अजून कोणाच्या पाहण्यात नाही.) मथुराबाईंनी स्टूल आणलं, पदराने पुसलं. गप्पा थांबल्या.

"सर, पिशव्या इकडं रचू का तिकडं?" मथुराबाईंनी विचारलं.

उत्तर देण्याची नियमावलीत तरतूद नव्हती. पण उत्तर न देणं हाही हस्तक्षेपच (चहाचं कलम पाहावं). मी म्हणालो, "तिकडं."

पिशव्या तिकडं गेल्या. इतकी वर्षं मी वर्गात नेतृत्व शिकवतो, पण माझं सांगणं कोणी ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग. बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. त्यानंतर दोरा आणू का, पंखा लावू का, असं सगळं माझ्याकडे येऊ लागलं आणि मी सगळ्यांचा निकाल लावू लागलो.

शाळा सुटायची वेळ झाली. रुपालीबाई उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांनी तानाबाईंकडे पाहिलं, तानाबाईंनी माझ्याकडे.

"सर, पोरीले शाळेतून आणाचं आहे. जाऊ का?"

"जा," मी मोठ्या मनाने म्हणालो. "पण लवकर या."

दारात शेठ उभे होते. "समजलं सर," ते म्हणाले. "बाया इचारून राह्यल्या म्हणजे सांगणारा लागतेच."

सोमवारपासून त्या स्टुलावर बादल बसतो. मिलची सुटी होईस्तोवर तो कोणाला उठू देत नाही. खुशी शाळेच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन आईची वाट पाहते. तानाबाई मला मिलच्या फाटकात भेटल्या. "सर, तुमी तं पाहाले आलते ना? मंग बोलले काहून?" मी त्यांना चहाचं कलम समजावून सांगितलं. त्या ऐकून न घेताच आत गेल्या. सुपरवायझर ओरडतो.

अभ्यासाला आता गटच उरलेला नसल्याने अभ्यास सुरू होऊ शकला नाही. नियोजन मात्र निर्दोष राहिलं. पुढच्या परिसंवादात आम्ही तेच सादर करतो आहोत.

रुपालीबाईंसाठी तुमचा जीव हळहळला असेल. माझाही हळहळतो. पण त्यांनी "जाऊ का?" विचारलं, तेव्हा तुम्ही मनात म्हणालात, "जाऊ द्या हो तिला." मी "जा" म्हटल्यावर तुम्हाला हायसं वाटलं. "ही याला विचारते कशाला?" असं ज्यांच्या मनात आलं, त्यांची क्षमा मागतो. बाकीच्यांनी पत्ता कळवावा. कपिल सरांनी बिल्ले जरा जास्तच छापून आणलेत.