मैनाच्या कानातला बिल्ला
मैना म्हशीच्या कानाला बिल्ला अडकवायचा म्हटल्यावर मुक्ताबाईंनी तो आधी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात सेल कुठं घालायचा?"

"सेल लागतच नाही, आजी. तीच तर गंमत आहे," नीरजा म्हणाली.

नीरजा धायरीला मुक्ताबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची आणि हिंजवडीच्या एका कंपनीत असे बिनसेलचे बिल्ले तयार करायची. ते गोठ्यात कसे चालतात, हे तिला बघायचं होतं. गोठ्याच्या दारावर तिने एक डबा बसवला होता. "हा डबा लहरी सोडतो. बिल्ला त्या लहरींतूनच वीज घेतो, मैनाचं अंग किती गरम आहे ते मोजतो आणि डब्याला सांगतो. डबा माझ्या फोनवर कळवतो."

"म्हंजी दुसऱ्याच्या जिवावर जगायचं आन् वर चुगल्या करायच्या," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमच्या मच्छिंद्रावानी. लाव."

मच्छिंद्र त्यांचा पुतण्या. त्याला हे ऐकू गेलं, पण लागलं नाही.

बिल्ल्याचं काम झकास चाललं होतं. एके दिवशी सकाळी मात्र, कंपनीची बस हिंजवडीच्या अलीकडे नेहमीच्या जागी नेहमीसारखी अडकलेली असताना, नीरजाचा फोन कुरकुरला. मैनाचं तापमान अडतीसवरून तेहतीसवर आलं होतं. ती डोळे चोळेपर्यंत अठ्ठावीस झालं, मग चोवीस.

नीरजाने मुक्ताबाईंना फोन लावला. त्यांचा फोन घरात चार्जिंगला होता आणि त्या गोठ्यात. मग तिने त्यांच्या मुलाला लावला. जयसिंग तेव्हा सिंहगड रस्त्यावर दुधाचा रतीब घालत होता.

"जयसिंगदादा, मैना थंड पडतेय!"

"थंडी वाजतीय व्हय तिला?"

"अहो नाही! पूर्ण थंड! सीरियस आहे!"

मैना गाभण होती. जयसिंगने टेम्पो तिथूनच वळवला. त्याने आधी गुरांच्या डॉक्टर विजयमालाबाईंना फोन केला, मग मच्छिंद्रला. "मी येतोय. तू गोठ्यात जाऊन बघ. मैना थंड पडलीय म्हणत्यात."

मच्छिंद्र चहाच्या टपरीवर होता. बघायला जाण्यात वेळ घालवावा, असं त्याला वाटलं नाही. एवढी मोठी म्हैस पुरायची म्हणजे खड्डा लागणार, म्हणून त्याने ओळखीचा जेसीबी बोलावला आणि गल्लीच्या ग्रुपवर मैनाचा फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. पुढचं काम गल्लीने केलं.

मुक्ताबाई शेणाची पाटी घेऊन बाहेर आल्या, तर दारात जेसीबी, त्यामागे डॉक्टरबाईंची स्कूटर, तिच्यामागे जयसिंगचा दुधाचा टेम्पो आणि टेम्पोमागे पडेल चेहऱ्याची माणसं. शेजारच्या सोसायटीतल्या एक काकू तर पदर डोळ्यांना लावूनच आल्या होत्या.

"कोण गेलं?" मुक्ताबाईंनी घाबरून विचारलं.

"मैना," काकू हुंदका देत म्हणाल्या.

"कुठं गेली? आत्ता तर मला लाथ मारली तिनं!"

सगळे आत धावले. मैना चारी पायांवर उभी होती आणि एवढी गर्दी बघून फुरफुरत होती. तिच्या कानात बिल्ला नव्हता. तो दाराशेजारी पाण्याच्या माठावर, ओल्या फडक्यावर नीट ठेवलेला होता.

"सकाळपास्नं सारखी मान झटकत हुती," मुक्ताबाई म्हणाल्या. "बिल्ला टोचत आसंल म्हणून काढला. धरला तर ऊन लागला. म्हणलं, निवू दे जरा."

इतक्यात बस सोडून मागे फिरलेली नीरजा रिक्षातून उतरली. माठावरचा बिल्ला बघून तिला सगळं उमगलं. जमलेल्या माणसांकडे बघायची तिला हिंमत होईना. "सॉरी... सगळ्यांना उगाच..." असं ती पुटपुटत होती, तोवर आतून विजयमालाबाईंचा आवाज आला.

"बिल्ला टोचत नव्हता हिला. कळा येतायत!"

"अजून पंधरा दिस हायती की!" मुक्ताबाई म्हणाल्या.

"ते तिला सांगा." बाईंनी बाह्या सरसावल्या, हात घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "रेडकाचा पाय मागे दुमडलाय. आणखी तासभर उशीर झाला असता, तर दोघंही हाती लागली नसती. गरम पाणी आणा. दोर आणा. माणसं लागतील मला."

माणसं होतीच. दुखवट्याला आलेल्या त्या गर्दीतल्या दणकट चौघांनी पँट वर दुमडली. विजयमालाबाईंनी आत हात घालून पाय सरळ केला. जयसिंगने आणि जेसीबीवाल्याने दोर धरला, आणि बाईंच्या इशाऱ्यासरशी सगळे मिळून ओढू लागले. मैना एकदा मोठ्याने हंबरली. पुढच्या क्षणी काळंभोर, चिकट रेडकू जयसिंगच्या मांडीवर येऊन पडलं, शिंकलं आणि थरथरायला लागलं. काकू पुन्हा रडल्या, पण या वेळी हसत. जयसिंगने विजयमालाबाईंपुढे हात जोडले.

मच्छिंद्रने गुपचूप ग्रुपवरची श्रद्धांजली काढून टाकली. जेसीबीवाल्याने "मग खड्डा?" असं विचारलं, तेव्हा मुक्ताबाईंनी त्याला परसात उकिरड्याचा खड्डा काढायला लावलं.

संध्याकाळी पहिल्या चिकाचा खरवस घेऊन मुक्ताबाई स्वतः जिना चढून वर आल्या.

"आजी, खरं सांगू? बिल्ला माठाचं तापमान सांगत होता. आम्हीच घाबरलो."

"आसंल. पण तू घाबरलीस म्हणून बाई वेळंवर आली, माणसं आली. न्हाईतर मी एकटी काय करणार हुते?" त्यांनी नीरजाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "खा. वेलदोडा घातलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजाने फोन उघडला. 'म्हैस आढळत नाही.' ती धावत खाली आली.

बिल्ला मैनाच्या कानात परत गेला होता. दारावरच्या डब्याला मात्र मुक्ताबाईंनी हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर पाण्याने निथळता, मनगटाएवढा जाड झेंडूचा हार घातला होता. ओल्या हारातून लहरी जाणार कशा? हार काढायला नीरजाचा हात वर गेला. आत मैना रेडकाला चाटत होती आणि मुक्ताबाई तिची पाठ खाजवत तिच्याशी बोलत होत्या.

नीरजाने हात खाली घेतला, कंपनीत फोन लावला आणि म्हणाली, "आज रीडिंग नाही मिळणार. पण म्हैस मजेत आहे. मी समोरच उभी आहे."