आप्पासाहेबांच्या भिंतीवरच्या पाच राण्या

दसऱ्याला आप्पासाहेबांना सरकारातून अबदागिरीचा मान मिळाला आणि त्या दिवसापासून ते पेठेत विनाकारण हिंडू लागले. आभाळ भरून आलेलं असलं तरी चाकर भैरू त्यांच्यावर ती उन्हासाठीची अबदागीर धरून मागून चालायचा. विहिरीवर तोंड धुवायला जातानासुद्धा! लोक खिडकीतून बघत आणि आप्पासाहेबांची छाती फुगे. कैक स्वाऱ्या करून, अंगावर वार झेलून मिळवलेला मान होता तो.

अशात एका गोऱ्या टोपीकर व्यापाऱ्यानं त्यांना एक तसबीर नजर केली. मागं निळा समुद्र, पुढं वाळू आणि वाळूवर पाच गोऱ्या बायका. घेरदार झगे, पिसांच्या टोप्या आणि प्रत्येकीच्या हातात झालरीची छत्री. तसबीर दिवाणखान्यात लोडामागच्या भिंतीवर लागली आणि अर्थ सांगायला यज्ञेश्वरशास्त्री आले. शास्त्रीबुवांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण न पाहिलेल्या गोष्टींवरच त्यांचा अधिकार मोठा होता.

"छत्र कुणाला असतं?" त्यांनी विचारलं.

"राजाला," आप्पासाहेब म्हणाले.

"मग झालं तर! या पाच राण्या आहेत. छत्र धरायला चाकर नाही, म्हणजे राज्य गेलं. किनाऱ्यावर तारवाची वाट पाहताहेत."

"राज्य गेलं, मग हसताहेत कशाला?" आप्पासाहेबांचे मेहुणे जयसिंगराव यांनी शंका काढली.

"राजरक्त आहे ते! चारचौघांत रडत नाही."

आप्पासाहेब भारावले. पाच राण्यांनी आश्रयाला आपलीच भिंत निवडावी! तेवढ्यात जयसिंगराव हळूच म्हणाले, "दाजी, तुमची नुसती अबदागिरी, त्यांचं छत्र. त्यांच्यापुढं बसायचं? तेही पाठ करून?"

आप्पासाहेब ताडकन उठले. त्यानंतर त्या दिवाणखान्यात कुणी बसलं नाही. विडे उभ्यानं, खलबतं उभ्यानं. हुक्का तर बंदच झाला. धायरीचे पाटील सर्जेराव लांबून चालत आले आणि भिंतीला टेकून म्हणाले, "सरदार, आमच्यात गुरं बी दुपारी बसत्यात."

रोज संध्याकाळी मुक्ताबाई नवऱ्याच्या सुजलेल्या पायांना तेल चोळत. "अहो, माजघरात लावा की ती तसबीर."

"राण्यांना माजघरात? घराण्याची अब्रू काय राहील?"

शेवटी टोपीकराचा मुनशी श्यामसुंदर क्षेमकुशल विचारायला आला. सगळे उभे पाहून त्यानं कारण विचारलं आणि ऐकून पोट धरून हसला. "राण्या कुठल्या, सरदार! सौदागरांच्या बायका आहेत. हवा खायला आल्यात. ऊन लागू नये म्हणून छत्री. तिकडे ऐपत असेल ती बाई छत्री घेते."

"हुश्श!" करून आप्पासाहेब लोडावर कोसळले आणि मुनशीही बैठकीवर टेकला. किती दिवसांनी पाठ टेकली होती!

"म्हणजे दाजी," जयसिंगराव म्हणाले, "हा मान तिकडे बाजारात मिळतो म्हणायचा!"

"बरं झालं," पडद्याआडून मुक्ताबाई म्हणाल्या. "उद्या पर्वतीला जाताना मीही एक घेते. मोलकरीण बायडाबाईलाही देते एक, बिचारी उन्हात धुणं वाळत घालते."

आप्पासाहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात भैरू अबदागीर घेऊन उभा होता. क्षणभर त्यांना ती नुसती काठीला लावलेली कापडाची चकती दिसली. एवढ्यासाठी वार झेलले?

ते सावकाश उठले.

"मुनशीजी, आपण स्वतः गेला होतात तिकडे?"

"छे! साहेबांनीच सांगितलं."

"मग बरोबर. आपलं राज्य गेलं, हे कुणी परक्या मुलखात सांगतं होय? उठा. राण्यांपुढं बसू नये."

मुनशी गडबडून उठला. जयसिंगरावांनी तोंडावर उपरण्याचा पदर धरला.

"भैरू, अबदागीर!"

"आत, सरकार? छपराखाली?"

"धर म्हणतो ना!"

भैरूनं भर दिवाणखान्यात अबदागीर धरली. आप्पासाहेब तसबिरीसमोर ताठ उभे राहिले. पायांतून कळा येत होत्या, तरी मान वर करून ते त्या पाचजणींसारखेच हसत राहिले.