सोमणकाकांच्या प्रदक्षिणा

सोमणकाका सरळ चालत नाहीत. येत नाही असं नाही; वय अठ्ठ्याहत्तर असलं तरी त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. पण सरळ चालणं त्यांना तत्त्वतः मान्य नाही. "सरळ गेलं की तेवढंच परत यावं लागतं," ते म्हणतात. "गोल गेलं की चालता चालता जागेवर. पोचलो की नाही?"

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यापासून ते समोर येईल त्याला प्रदक्षिणा घालतात. देवाला घालतात तशीच, उजव्या हाताला ठेवून, मोजून अकरा. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, त्यामुळे मी बरंच पाहिलं आहे. स्टेशनच्या पार्किंगमधला दिव्याचा खांब, लायब्ररीबाहेरचं पुस्तकं परत टाकायचं खोकं, आणि एकदा आमची बंद पडलेली गाडी. टो ट्रकवाल्याला वाटलं काहीतरी धार्मिक चाललंय. तो बिचारा अकरा होईपर्यंत टोपी काढून उभा राहिला.

मी याद्यांची बाई. ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. घरीही आहे, फक्त घरी मला कोणी रिपोर्ट करत नाही. काकू गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दर मंगळवारी काकांना ग्रोसरीला नेणं माझ्या यादीत आहे. मी दहा म्हणते, ते दहा वीसला येतात. मी ओरडते. ते "आलो की नाही?" म्हणतात. असं आमचं चालतं.

या ऑक्टोबरात मी, माझा नवरा सुहास आणि काका असे तिघं सवानाला गेलो. जॉर्जियातलं हे जुनं, शांत गाव. थोड्या थोड्या अंतरावर एक स्क्वेअर: मध्ये पुतळा किंवा कारंजं, भोवती बाकं, आणि वर ओकची प्रचंड झाडं, त्यांच्यावरून शेवाळाच्या करड्या जटा लोंबताहेत. माणसं तिथे निवांत बसायला जातात. मी स्प्रेडशीट घेऊन गेले. स्क्वेअर बावीस, प्रत्येकी बारा मिनिटं, मध्ये जेवण. नवव्या ओळीपुढे लिहिलं होतं: "काका – होकार."

हा होकार त्यांची मुलगी अनघा हिला हवा होता. ती ऑस्टिनला असते. बाबांनी घर विकून तिच्याकडे कायमचं यावं म्हणून ती वर्षभर मागे लागली होती आणि काका विषय बदलत होते. शेवटी तिने मला फोन केला. "माधवीताई, तुझं ऐकतील. मागच्या महिन्यात जिन्यावरून घसरले, मला सांगितलंही नाही. मला झोप लागत नाही गं." मी म्हटलं, काळजी करू नकोस, चार मुद्दे काढते. एखादं काम कोणी माझ्यावर सोपवलं की मला जो आनंद होतो, तो मला लपवता येत नाही.

पहिल्याच स्क्वेअरला वेळापत्रक कोसळलं. अकरा प्रदक्षिणा बारा मिनिटांत होत नाहीत, हे माझ्यासारख्या अनुभवी बाईच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. शिवाय काका सवयीने बूट काढून निघाले. शिवाय तिथल्या गाड्या स्क्वेअरला डावीकडे ठेवून फिरतात आणि काका उजवीकडे ठेवून, तेही फुटपाथ सोडून. प्रत्येक ड्रायव्हर समोरून येणाऱ्या या मोजेधारी गृहस्थाला पाहून थांबायचा आणि हात हलवायचा. काकाही हात हलवायचे.

"काका, आत या! पुतळ्याभोवती फिरा!"

"कोणाचा आहे?"

"कुठल्यातरी सेनापतीचा."

"सेनापती चालेल," म्हणत काका आत आले.

चौथ्या स्क्वेअरला कारंज्यापाशी लग्न लागत होतं. छोटंसं, वीसेक पाहुणे, नवरी पांढऱ्या झग्यात. मी थांबवायच्या आत काका सुरू झाले होते. दर दीड मिनिटाने ते गंभीर चेहऱ्याने नवरा-नवरीच्या मागून जात. फोटोग्राफर हातवारे करून थकला. सहाव्या फेरीला नवरीनेच त्यांना अडवलं आणि फार गोड आवाजात विचारलं, "सर, हे तुम्ही कशासाठी करताय?"

काका म्हणाले, "कोलेस्टेरॉल."

मी धावत जाऊन माफी मागितली. माफी मागताना मी नेहमी जास्तच समजावून सांगते. आमच्याकडे अग्नीभोवती फेरे असतात, हे शुभ असतं, वगैरे. परिणाम असा झाला की नवरी म्हणाली, मग आम्हीही येतो. पाहुणेही निघाले. मला वाटेतून बाजूला व्हायला जागाच उरली नाही, म्हणून मीही फिरले, हातात काकांचे बूट घेऊन.

नवव्या स्क्वेअरला पोचलो तेव्हा आम्ही दोन तास मागे होतो. सुहास कॉफी आणतो म्हणून सटकला. मुद्द्यांच्या वेळी तो नेहमी कॉफी आणायला जातो. काका फिरायला निघणार तेवढ्यात मी त्यांना बाकावर बसवलं.

"काका, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"किती मुद्दे आहेत?"

"चार."

"जिना त्यात आहे का?"

"पहिलाच."

"मग राहू दे. मी अनघाला हो म्हटलंय. दोन आठवडे झाले. तिला म्हटलं, माधवीला मी स्वतः सांगतो, तू बोलू नकोस."

मला आधी राग आला तो चार मुद्दे वाया गेल्याचा. "मग सांगितलं का नाही? आपण दोन मंगळवार बरोबर होतो!"

एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. वाळक्या पानांवर त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, इतकी शांतता.

"तुझा रोहन कॉलेजला गेला ना ऑगस्टमध्ये," ते म्हणाले. "तेव्हा तू मला गाडीत म्हणालीस, काका, आता घर इतकं आवरलेलं असतं, सकाळी आवरलं की रात्रीपर्यंत कशाला हात लावावा लागत नाही."

"चांगलंच आहे की ते. म्हणून सांगितलं."

"हं. तीनदा सांगितलंस." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हटलं, हिचं एक माणूस नुकतंच गेलंय. लगेच दुसऱ्याने निघायचं बरं दिसत नाही. मी वीस मिनिटं उशिरा येतो तर तुला निदान ओरडायला होतं. नाहीतर सुहासला कोण ओरडणार? तो ऐकतच नाही."

मी कामाचं बोलायला तोंड उघडलं. पॅकिंगची खोकी, मूव्हर्स, घराचा एजंट, सगळं मला पाठ आहे. त्याऐवजी मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. मी माणसांना मंगळवारी दहा वाजता मदत करते, असा माझा सहा वर्षांचा समज होता. मदत कोण कोणाला करत होतं, हे कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला.

"अनघा मार्च म्हणतेय," ते म्हणाले. "मी म्हटलं, माधवीला विचारतो. तुला काय वाटतं? मार्चमध्ये जरा घाई होईल, नाही?"

"फारच."

"एप्रिल?"

"मे," मी म्हटलं. "शाळा सुटल्यावर."

आमच्या दोघांच्याही घरात शाळेत जाणारं कोणी नव्हतं.

काकांनी थोडा विचार केला. "बरोबर," ते म्हणाले. "मधेच कसं निघणार? शाळा सुटल्यावरच."