देवराव काकांची कोरी सुई

अन्याय झाला तो देवराव काकांवर. केव्हा, तेही लिहून ठेवते. कापसाचे भाव पडले, नेर गावात आमच्या वस्तीमागचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. झोपेच्या सुयांचं शिबिर उठलं त्या मंगळवारी, भर दुपारी.

आधी काकांची ओळख. वस्तीत सगळेच एकमेकांना जयभीम करतात. काका जयभीमच्या पाठोपाठ विचारतात, "झोप लागली काय?" दूधवाल्याला विचारतात, हळद लागलेल्या नवरदेवाला विचारतात. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला विचारलं, तर तो भाषणच विसरला. आमच्या मोर्चात मी घसा फोडून घोषणा देत होते, तेव्हा काका बंदोबस्ताच्या पोलिसाला हेच विचारत होते.

स्वतः काकांना मात्र झोप नव्हती. उभा जन्म जिनात गेलेला. यंत्रांच्या घरघरीत ते गाढ झोपायचे. जिन थांबलं आणि यांची झोप उडाली. "एवढं गुपचूप हाय, मानूस झोपन कसा?" मग दळण नसतानाही पिठाच्या चक्कीवर जाऊन बसत. चक्की चालू असेपर्यंत घोरत, पट्टा थांबला की दचकून उठत, मिशा आणखी पांढऱ्या करून. डबे ठेवायला जागा उरत नाही म्हणून बायांनी तक्रार केली आणि चक्कीवाल्यानं त्यांना हाकललं.

अशात मोठ्या शहरातले डॉक्टर आले. सुया टोचून झोप येते का, हे त्यांना तपासायचं होतं. आता, आमच्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन. सुई देतो तो डॉक्टर, नुसती गोळी देतो तो कंपाउंडर, हे काकांचं जुनं मत. पहिलं नाव त्यांनीच दिलं. बघतात तर केसाएवढी सुई, आत औषधाचा पत्ता नाही. काका उठून बसले. "सायेब, कोरी हाय हे. दवाई भराची राह्यली."

डॉक्टरांनी समजावलं, पण असल्या मराठीत की मलाही दोनदा ऐकावं लागलं. काकांना त्यातून एवढंच कळलं, की औषध महाग आहे, मागाहून भरतील.

आणि काकांना झोप लागायला लागली. वस्तीला विचारायलाही ते उशिरा येऊ लागले.

मंगळवारी सामान जीपमध्ये चढवताना एक डॉक्टर त्यांना सहज बोलून गेले, की निम्म्यांना खऱ्या सुया होत्या, निम्म्यांना नुसत्या टेकवायच्या, न टोचणाऱ्या. काका दुसऱ्या निम्म्यातले. हे आधीच सांगितलं होतं, म्हणे. कोणत्या भाषेत सांगितलं होतं? ज्याची झोप तपासता, त्याला कळेल असं बोलायला काय तोंड दुखतं?

जीप गेली, काकांची झोपही गेली. मी संध्याकाळपर्यंत पत्रक तयार केलं: 'खोट्या सुईचा जाब द्या.' सही घ्यायला काकांच्या ओट्यावर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन परत माझ्या हातात दिला.

"खोटं कायले लिहून राह्यली, माय? सुई असन खोटी. पन शिबिरातली थे सिस्टर पोरगी रोज हात धरून पुसे, काका, झोप लागली काय? थे पुसनं तं खरं होतं ना. तिले सांगा लागे, म्हनून झोपत होतो मी."

काकू गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नाही. हा माणूस अख्ख्या वस्तीला विचारत फिरतो, आणि वस्ती "हो काका, लागली" म्हणून पुढे निघते. उलट कोणी विचारत नाही.

पत्रक मी फाडलं नाही. डॉक्टरांनी परत यावं आणि काकांना त्यांच्या बोलीत सगळं सांगावं, ही मागणी कायम आहे. दुसरी मागणी तुमच्याकडे, वाचणाऱ्यांकडे. तुमच्या गल्लीतही सगळ्यांची विचारपूस करणारा एक असेल. उद्या सकाळी त्याला विचारा, झोप लागली काय. आणि त्याचं सांगून होईपर्यंत गाडीला किक मारू नका.