देवकुळे मास्तरांची नजर

पंगतीत देवकुळे मास्तरांच्या शेजारी बसायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. ताट वाढून झालं की बाकीचे जेवायला लागत. मास्तर एक डोळा मिटून ताटाकडे बघत बसत. एका लग्नात त्यांनी वाढप्याला थांबवून आणखी कोशिंबीर मागितली. त्यानं हौसेनं वाढली, तर मास्तरांनी तिला बोटही लावलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खायला नव्हती हो. उजवीकडे भाज्या जड झाल्या होत्या. डावीकडे तोल नको?"

मास्तर नगरला आमच्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि आमच्याच गल्लीत, भिंतीला भिंत लावून राहायचे. मी गणिताचा माणूस. दोन आणि दोन चार झाले की मला झोप लागते. मास्तरांना ते चार कसे मांडलेत ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

नक्षी शिकवताना ते टेबलावर लवंग, वेलदोडा, लवंग, वेलदोडा अशी ओळ मांडत. "एकच वस्तू पुन्हा पुन्हा आली की किनार होते. दोन आलटून पालटून आल्या की किनार चालायला लागते. आणि मधली रिकामी जागा? ती फुकट नसते, गाढवांनो. ती नसली तर नक्षी गुदमरेल." तास संपेपर्यंत एखाददुसरा वेलदोडा कोणाच्या तरी गालात गेलेला असे. मास्तर चोर शोधत नसत. फक्त "किनार मोडली" म्हणून दिवसभर हळहळत.

लढाईचे दिवस होते. छावणीतल्या लष्करी लॉऱ्यांवर हिरवे-मातकट पट्टे फासलेले असत. अशी एक लॉरी एकदा रस्त्यात बंद पडली. मास्तरांनी तिला सावकाश प्रदक्षिणा घातली आणि शेजारी विडी ओढत बसलेल्या शिपायाला म्हणाले, "या नक्षीला आवर्तन नाही. कोणी काढली?"

शिपाई जामखेडकडचा गडी होता. "नक्षी न्हाई ती, मास्तर. गाडी दुश्मनाला दिसू नये म्हनून रंग फासलाय."

"मला तर लांबून दिसली."

"मग तुमी दुश्मन हाय व्हय?"

मास्तरांचं मात्र घरी पोचेपर्यंत "एखादा तरी पट्टा पुन्हा यायला हवा होता" हे पालुपद चालू होतं.

त्यांचा खरा ताप गल्लीतल्या बायकांना. सकाळी शाळेला निघाले की ते दारोदारच्या रांगोळ्या तपासत. एखादी पसंत पडली नाही तर छत्री बगलेत धरून खाली बसत आणि "पाकळी जाड झालीय, वहिनी" म्हणत बोटानं दुरुस्त करत. यावरून आमच्या घरात मी बोलणी खाल्ली आहेत, जणू मास्तरांना मीच पाठवत होतो. तोंडावर गोड बोलणं त्यांना जमतच नसे.

त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र वर्षभर रांगोळी नव्हती. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मुलगी कुसुम म्हणाली, मी काढते. माझी बायको म्हणाली, मी काढते. मास्तर म्हणाले, "ती जागा तिची आहे. राहू दे." उंबऱ्यापुढे नुसता सडा पडत असे.

अशात राहुरीच्या एका घरातून कुसुमला बघायला येणार असं ठरलं. वहिनींचे भाऊ आधीच येऊन सल्ला देऊन गेले, "ताईला आतल्या खोलीत बसवा. ताप आहे म्हणून सांगा. आईला असलं दुखणं आहे म्हटलं की स्थळ हातचं जातं." सल्ला दुष्टपणाचा नव्हता; तेव्हा असंच चाले. मास्तर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर वहिनी आपल्या दारात पाटावर बसून डाव्या हातानं रांगोळी काढत होत्या. कमळ होतं. उजवीकडच्या पाकळ्या फुगलेल्या, डावीकडच्या आखडलेल्या, रेघ कुठे ओघळलेली, कुठे तुटलेली. माझी बायको म्हणाली, "छान आलीय हो." समोरच्या काकू "किती सुरेख" म्हणाल्या, आणि मग माझ्या बायकोच्या कानाशी लागून, "डाव्या हातानं? शुभकार्याला?"

वहिनी आत गेल्यावर कुसुम ओलं फडकं घेऊन आली. "अण्णा, आई आत आहे तोवर पुसून नवी काढते. नाहीतर ते बघताक्षणी विचारतील."

मास्तर रांगोळीपुढे उभे होते. त्यांची बोटं शिवशिवत होती, ते मला दिसत होतं. त्यांनी हात पाठीमागे बांधले. "पुसायची नाही," ते म्हणाले. "विचारू देत."

आणि विचारलंच. मुलाचे वडील चपला काढता काढता म्हणाले, "ड्रॉइंगमास्तरांच्या दारात अशी रांगोळी?"

"आमच्या हिनं काढलीय. डाव्या हातानं. उजवा वर्षापासून चालत नाही." मग मास्तरांनी आत हाक दिली, "अगं, बाहेर ये. पाहुणे आलेत."

शेजारी म्हणून मी तिथेच होतो. लेकीचं स्थळ या माणसानं एका दमात घालवलं असंच मला वाटलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, कुसुमला दोन-चार प्रश्न विचारले आणि "कळवतो" म्हणून ते गेले. होकार पुढे आला. पण त्या संध्याकाळी तो कोणालाच ठाऊक नव्हता.

येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी कमळ विस्कटलं होतं. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या, मास्तर पायरीवर. मी शेजारच्या ओट्यावर होतो. उठून आत जायला हवं होतं, गेलो नाही.

"सकाळपासून सगळे छान म्हणतायत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मास्तर एक डोळा मिटून विस्कटलेल्या कमळाकडे बघत होते.

"खरं सांगा. कशी झाली होती?"

वर्षभर या माणसानं त्यांची वेणी घातली होती, घास भरवला होता. एवढं केलं, मग एक खोटं बोलायला काय हरकत होती? मी मनात म्हटलं, मास्तर, आज तरी छान म्हणा.

"बिघडली," मास्तर म्हणाले. "डावीकडची खालची पाकळी फार आखडलीय. चिमूट घट्ट धरतेस तू. उद्या ती पाकळी आधी काढ."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. वर्षभर जो तो त्यांची कीव करत होता. त्यांची चूक काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"उद्या काढू कशानं?" त्या म्हणाल्या. "डब्यातली रांगोळी संपलीय."

मास्तर उठले आणि टोपी न घालताच बाजाराकडे निघाले.